लक्ष्मण देशपांडे आणि लंडनला निघालेले वऱ्हाड

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे २२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ६५व्या वर्षी निधन झाले, तेव्हा त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाला तीस वर्षे होत आली होती. १९७९ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेला हा प्रयोग त्यांनी दोन हजारांहून अधिक वेळा केला. तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करण्याचा विक्रम म्हणून २००४ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला या नोंदीचे कौतुक होते, पण तिची गरज नव्हती. त्याला त्यातली अर्धी माणसे आधीपासून तोंडपाठ होती.

अमेरिकेत जॉनी कार्सन हा सूत्रसंचालक १९६२ ते १९९२ अशी सलग तीस वर्षे रोज रात्री दूरचित्रवाणीवरून लोकांना हसवत राहिला. जानेवारी २००५ मध्ये तो गेला, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखी हळहळ त्या देशात व्यक्त झाली. मराठी मुलखात त्या काळात असा रात्रीचा यजमान तयार होण्याची सोयच नव्हती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठवाड्यात त्याचे चित्र दिसायला आणखी बराच काळ गेला आणि पुढे म्हैसमाळच्या डोंगरावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला. एकच वाहिनी, तिच्यावर संध्याकाळच्या बातम्या आणि अधूनमधून ‘गजरा’सारखा विनोदी कार्यक्रम. हिंदीत रात्रीच्या गप्पांचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ हा कार्यक्रम घेऊन शेखर सुमन आले ते १९९७ मध्ये. रात्रीच्या जेवणानंतर एका माणसाने समोर उभे राहावे आणि गावाने पोट धरून हसावे, हे मराठवाड्यात पडद्यावर घडण्याआधी रंगमंचावर घडले. ते लक्ष्मण देशपांडे यांच्यामुळे घडले.

देशपांडे यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा, म्हणजे निजामी राजवटीतला. मराठवाड्याच्या रंगभूमीचा विचार करताना ही राजवट बाजूला ठेवता येत नाही. पुणे-मुंबईत किर्लोस्कर, देवल, बालगंधर्व यांच्या नाटकांवर तिकीट काढून पिढ्या वाढत होत्या, त्या काळात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तिथे कचेरीची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा काढणे हे तेव्हा जवळजवळ चळवळीचे काम होते. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था १९१५ ची, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या फेऱ्यांत हा भाग कडेला राहिला. मेळे, कीर्तने, भारुडे आणि हौशी नाटके यांवरच इथला प्रेक्षक तयार झाला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्या दशकात औरंगाबाद हे शिक्षणाचे केंद्र बनले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये रंगमंचावर आले आणि दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याला सुरुवातीचे स्थान मिळाले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. पुढे विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग निघाला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी त्याची घडी बसवली. याच विभागात देशपांडे यांनी पुढे अध्यापन केले आणि विभागप्रमुखपदही सांभाळले. नाटकाचा पदवीधर होता येते, ही कल्पनाच तेव्हा गावाकडच्या पालकांना पचत नसे. मात्र या विभागाने शहराला दोन गोष्टी दिल्या: तालमीची शिस्त आणि आवाज, उच्चार, देहबोली यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास. ‘वऱ्हाड’ हा अंगभूत नकलाकाराचा चमत्कार आहे, असे अनेकांना वाटत आले. त्यामागे नाट्यशिक्षकाची मेहनत होती, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

एकट्याने रंगमंच व्यापण्याची परंपरा मराठीला नवी नव्हती. औरंगाबादपासून जवळच असलेल्या पैठणच्या एकनाथांची भारुडे सोळाव्या शतकातली. त्यांत वासुदेव, जोगवा मागणारी, विंचू चावलेला अशी नाना सोंगे एकच भारुडकार वठवतो. कीर्तनकारही उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथाभागात, राजा, राणी, प्रधान आणि देव हे सगळे स्वतःच होतो. आधुनिक रंगमंचावर पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने करून दाखवली, तर सदानंद जोशी यांनी ‘मी अत्रे बोलतोय’ गाजवले. पु. लं.ची चाळ गिरगावातली होती. तिच्यातले विनोद कळायला मुंबईच्या मध्यमवर्गाची ओळख लागे. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने ती पुस्तकातून आणि ध्वनिमुद्रिकांतून आपलीशी केली, तरी त्या चाळीत त्याच्या गावचा कोणी भाडेकरू नव्हता.

ती जागा १९७९ मध्ये भरली. काळ शांत नव्हता. आदल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्याच्या विरोधात मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ‘वऱ्हाड’चा विषय या संघर्षापासून दूर होता आणि त्यातले गावही बरेचसे गोडीगुलाबीने नांदणारे आहे. त्या काळाचे गाव समजून घ्यायचे तर या एका प्रयोगावर भागत नाही, हे सांगायलाच हवे. लोकांनी मात्र त्याच्याकडे मागितले ते हसणे, आणि ते त्यांना भरभरून मिळाले.

प्रयोगाची कथा एका वाक्यात मावते. मराठवाड्यातल्या एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते. खरी गंमत जाण्याच्या तयारीत आणि प्रवासात आहे. कोणाला न्यायचे, कोणाला टाळायचे, कोण रुसले, कोणाचा मान राहून गेला, सोबत काय बांधून घ्यायचे, ही मराठी लग्नातली नेहमीची भांडणे पासपोर्ट आणि विमानतळ यांना जाऊन भिडतात. बबन्यासारखी पोरे, मानपान मोजणारी वडीलधारी मंडळी, डोक्यावरचा पदर सावरत टोमणे मारणाऱ्या बायका, इंग्रजीच्या दोन शब्दांवर गावात भाव खाणारे शहाणे अशी सगळी माणसे एकामागून एक येतात. लग्नघर हे असे ठिकाण आहे की तिथे गावातली प्रत्येक वृत्ती हजेरी लावतेच. लेखकाला पात्रे शोधत हिंडावे लागत नाही. त्यांना रांगेत उभे करून प्रत्येकाच्या तोंडी त्याचे खास वाक्य द्यावे लागते. देशपांडे यांनी हे काम कानाने केले.

त्यांचे मोठे भांडवल म्हणजे बोली. मराठवाड्यात ‘काय करतोयस’ऐवजी ‘काय करायलास’ म्हणतात, ‘का’ला ‘कामून’ म्हणतात आणि निजामी अमलातून आलेले उर्दू शब्द बोलण्यात सहज मिसळून जातात. मराठी नाटकात त्याआधी ही बोली फारशी ऐकू येत नसे. ग्रामीण पात्र आले की त्याच्या तोंडी कोल्हापूर-साताऱ्याच्या वळणाची, तमाशापटांतून रुळलेली भाषा घातली जाई, मग ते पात्र परभणीचे का असेना. त्यातही अशी भाषा बहुधा गड्याला किंवा पाटलाच्या हरकाम्याला मिळे. ‘वऱ्हाड’मध्ये मात्र मराठवाडी बोलीत गोष्ट सांगितली जाते, भांडणे होतात, माया केली जाते आणि लंडनलाही तीच बोली पोचते. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनी तिकीट काढून ही बोली तीन तास ऐकली. मराठवाड्यातून तिथे शिकायला गेलेल्या आणि ‘तुम्ही असे कसे बोलता’ हे ऐकून गप्प बसलेल्या पोरांना त्याने काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

५२ जणांना एका शरीरात बसवण्याचे तंत्र दिसायला सोपे होते. नेपथ्य जवळजवळ नव्हते, वेशांतर नव्हते. एक उपरणे तेवढे हातात असे. ते डोक्यावर ओढले की म्हातारी, खांद्यावर टाकले की पाटील. पण उपरण्याने पात्र सुचवता येते, टिकवता येत नाही. टिकवायला नजर लागते. एकपात्री नट दोन माणसांचे संभाषण करताना प्रत्येकाच्या डोळ्यांची उंची आणि दिशा ठरवतो. बसलेल्या आजीशी बोलताना नजर खाली, उंच जावयाशी बोलताना वर, आणि आजी उत्तर देते तेव्हा त्याच रेषेने उलट. ही रेषा एकदा चुकली की प्रेक्षकाला कोण बोलतेय ते कळेनासे होते. पाच-सहा माणसांचे भांडण असेल तर अशा कितीतरी रेषा एकाच वेळी सांभाळायच्या. आवाजाची पट्टी, श्वासाची लय, कमरेचा बाक, हात ठेवण्याची जागा यांतून प्रत्येक पात्राची खूण पक्की करायची आणि तासाभराने ते परत आले की तीच खूण अचूक काढायची. तीन तासांत पाणी प्यायलाही पात्राचा आडोसा घ्यावा लागतो. वयाच्या पस्तिशीत सुरू केलेले हे काम साठीतही करायचे म्हणजे शरीराची कसोटीच होती.

प्रयोगातल्या व्यक्तिरेखा आणि प्रसंग यांना निवेदनाने जोडणारा माणूसही स्वतः नटच असतो. देशपांडे यांचे निवेदन पारावर बसून गावची खबर सांगणाऱ्याच्या ढंगाचे होते. हा निवेदक कोणाची बाजू घेत नाही, पण कोणालाही सोडत नाही. या निवेदकामुळे प्रेक्षक पाहुणा न राहता गावकरी होतो. तो हसतो तेव्हा त्याला आपल्याच भावकीतले कोणी ना कोणी आठवलेले असते.

या प्रयोगावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. शहरी प्रेक्षक अडाणी खेडुताच्या फजितीवर हसतो, मग हा प्रयोग गावाची टिंगल करतो का? काही प्रसंगांत हसू फजितीचेच आहे. विमानात पहिल्यांदा बसलेल्यांचे गोंधळ हा तसा हातखंडा विनोद. पण एकंदर तोल दुसऱ्या बाजूला झुकतो. वऱ्हाडाला लंडनचे दडपण येत नाही. ते आपले रुसवेफुगवे आणि मानपान सगळे बरोबर घेऊन जाते आणि लंडननेच आपल्याप्रमाणे वागावे अशी अपेक्षा धरते. परक्या मुलखात गेल्यावर स्वतःला कमी समजून वागणे या माणसांना जमतच नाही. म्हणून प्रयोग पाहून बाहेर पडणाऱ्या खेड्यातल्या माणसाला आपला अपमान झाला असे वाटत नसे. त्याला तो आपला विजय वाटे.

प्रेक्षकवर्ग घडला त्यालाही शहराचा इतिहास कारण आहे. सत्तरच्या दशकात सिडकोने नव्या वसाहती उभारायला सुरुवात केली, चिकलठाण्यात उद्योग आले, ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला. जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतली पहिली शिकलेली पिढी नोकरीला औरंगाबादेत आली. ती फ्लॅट आणि रो-हाऊसमध्ये राहू लागली, पण सुगीला आणि लग्नसराईला तिचा पाय गावाकडेच वळे. गावापासून थोडे लांब आल्याशिवाय गावावर मोकळेपणाने हसता येत नाही, आणि पूर्ण तुटल्यावर त्या हसण्यात ओल राहत नाही. ‘वऱ्हाड’ला भेटलेली ही पिढी नेमकी त्या मधल्या टप्प्यावर होती. उस्मानपुऱ्यातले संत एकनाथ रंगमंदिर, निराला बाजारातले तापडिया नाट्यमंदिर आणि सिडकोतले संत तुकाराम नाट्यगृह ही या शहराची नाट्यगृहे. नाट्यगृहांच्या बाहेरही या प्रयोगाला जागेची वाण नव्हती. व्यावसायिक नाटकाला नेपथ्याचा ट्रक, नटांची बस आणि बऱ्यापैकी मंच लागतो. तालुक्याच्या गावाला तो खर्च झेपत नाही. एक नट आणि एक ध्वनिक्षेपक एवढ्यावर चालणारा प्रयोग मात्र गणेशोत्सवाच्या मांडवात, शाळेच्या पटांगणात, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात कुठेही लागू शकतो. एकपात्रीच्या प्रसारामागे कलेइतकेच हे अर्थकारण आहे.

नाट्यगृहात जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत ध्वनिफीत पोचली. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आणि टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यांत गेले होते. ‘वऱ्हाड’ची कॅसेट घरात, दुकानात, रात्रीच्या प्रवासात वाजू लागली. एकपात्रीचा निम्मा जीव देहबोलीत असतो. तरीही नुसत्या आवाजावर माणसे ओळखू येत, यावरून देशपांडे यांच्या वाचिक अभिनयाची पातळी समजते. लोकांनी अख्खे प्रसंग पाठ केले आणि गॅदरिंगमध्ये करून दाखवले. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, आणि ज्यांनी हा नट कधी पाहिला नाही अशांनाही त्यातली वाक्ये माहीत झाली. परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही हा प्रयोग गेला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. म्हणजे खऱ्या वऱ्हाडाने कधीच लंडन गाठले होते. तिथे स्थायिक झालेल्यांना त्यात आपल्या आईवडिलांचा पहिला विमानप्रवास दिसला.

एवढ्या यशानंतर मुंबईला बिऱ्हाड हलवणे सहज शक्य होते. ऐंशीच्या दशकात औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या संस्थेतले प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईत गेले. १९९१ च्या ‘चारचौघी’ने त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर ठसा उमटवला. त्यांचा निर्णय योग्यच होता, कारण त्यांच्या नाटकाला मोठा नटसंच आणि मुंबईचा नियमित प्रेक्षक लागत होता. देशपांडे औरंगाबादेतच राहिले. विद्यापीठात शिकवायचे, रात्री कुठेतरी प्रयोग करायचा, पुन्हा शहरात परतायचे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. नाट्यविभागात शिकणाऱ्यांसमोर त्यामुळे एक उदाहरण रोज वावरत होते: आपल्या जिल्ह्याची बोली न बदलता आणि गाव न सोडता राज्यभर नाव मिळवता येते. मकरंद अनासपुरे यांनी हीच मराठवाडी बोली पुढे चित्रपटाच्या नायकाला दिली. ‘गाढवाचं लग्न’, ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’ यांसारख्या चित्रपटांतली त्यांची भाषा महाराष्ट्राने मुकाट स्वीकारली, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी ‘वऱ्हाड’ने आधीच केलेल्या मशागतीला जाते.

२००९ मध्ये देशपांडे गेले, तेव्हा मराठीत रात्रीच्या हास्यकार्यक्रमांचे युग उंबरठ्यावर आले होते. झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले आणि डॉ. नीलेश साबळे यांच्या रूपाने मराठी घरांना अखेर रात्रीचा यजमान मिळाला. त्या मंचावर भारत गणेशपुरे यांनी विदर्भाची बोली बिनदिक्कत बोलून लोकांना हसवले. सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’नेही २०१८ नंतर प्रादेशिक बोलींना जागा दिली. या कार्यक्रमांत लेखक, दिग्दर्शक, सहकलाकार, संगीत आणि संकलन यांचा फौजफाटा दिमतीला असतो आणि एक प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. तीन तास एकट्याने प्रेक्षकाला बांधून ठेवण्याचे काम यातल्या कोणाला करावे लागत नाही.

एकपात्री प्रयोगाच्या नशिबी बहुधा नटाबरोबर संपणे असते. लिहिणारा, बसवणारा आणि करणारा एकच असला की दुसऱ्याने ते करणे म्हणजे नकलेची नक्कल ठरण्याचा धोका असतो. देशपांडे यांच्या निधनानंतर काही वर्षांनी बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पुन्हा रंगमंचावर आणले. त्यांनी देशपांडे यांची प्रत्येक लकब उचलण्याऐवजी संहिता आधाराला धरली आणि पात्रे आपल्या शरीराने उभी केली. ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला होता ते तुलना करत आले आणि हसत बाहेर पडले. तरुण प्रेक्षकाला तर तुलनेचे कारणच नव्हते. संहिता टिकाऊ आहे हे त्यातून सिद्ध झाले. नाटककार म्हणून देशपांडे यांची जी उपेक्षा त्यांच्यातल्या नटाच्या लोकप्रियतेमुळे झाली होती, तिची थोडीफार भरपाई या पुनरुज्जीवनाने केली. मराठी एकपात्रीच्या इतिहासात मूळ कलावंताच्या पश्चात दुसऱ्या नटाने व्यावसायिक रंगमंचावर यशस्वीपणे चालवलेले प्रयोग मोजकेच आहेत आणि ‘वऱ्हाड’ त्यांतला एक आहे.